दोनशे सात नंबरचा दगड

समजा, रोज सकाळी तुम्हाला डोंगरउतारावरच्या पडक्या राजवाड्याचे दगड मोजायचे आहेत. एकूण चारशे बारा. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. दहा पावलांवर तारेचं कुंपण, त्यापलीकडे दुसरा देश. मोजा बरं, मध्ये शिंक येऊ न देता!

पहारेकरी बावीस वर्षं हेच करत होता. आधी मुलगी आणि मग स्वतःची हीच पहाऱ्याची नोकरी, दोन्ही त्याला सासऱ्यानेच दिल्या. वर एक कानमंत्र : "जावईबापू, आकडा जमला पाहिजे. राजवाडा काय, असतोच."

एका सकाळी उताराची माती सरकली आणि दोनशे सात नंबर घरंगळत, तारेखालून, पासपोर्टशिवाय परदेशी गेला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. फॉर्मवर 'परदेशी गेला' असा रकाना नव्हता. नोकरीवर गदा येणार, हे उघड होतं. पहारेकऱ्याने घराच्या दारातली पायरी पहारीने उपटली, तिच्यावर २०७ रंगवलं आणि रिकाम्या जागी नेऊन बसवली.

साहेबांना तपासणीत नेमकी तीच आवडली. मधला खोलगट भाग कुरवाळत ते म्हणाले, "ही राजघराण्याच्या पावलांची झीज!" लगेच भोवती दोरी बांधली, पाटी लावली.

"राजघराणं?" बायको दारातून दाणकन खाली उडी मारत म्हणाली. "माझ्या चपलांची झीज आहे ती! गुडघे गेले माझे. पायरी आणा, नाहीतर मीच जाते साहेबांकडे."

पहारेकरी तारेपाशी गेला. बायकोही मागोमाग. पलीकडचा पहारेकरी उलट्या पडलेल्या दोनशे सातवर बसून विडी ओढत होता.

"दादा, तेवढा दगड इकडे ढकला की."

"ढकलतो. पण काय हो, तुमचा राजा स्वतः वाटण वाटायचा का?" तो उठला. दगडाच्या पोटाला टाकीचे घाव होते, एक कोपरा उडालेला होता.

बायकोने कपाळावर हात मारला. "अगंबाई, आईचा पाटा! चोरीला गेला म्हणून शेजारणीशी मरेपर्यंत बोलली नाही बिचारी. ढकला हो दादा. हा सरळ माझ्या स्वयंपाकघरात जाणार!"

म्हणजे पायरी आता कायमची राजघराण्यातच राहणार. पहारेकऱ्याने वळून उरलेल्या दगडांकडे पाहिलं. तो सपाट दगड धुणं धुवायचा तर नव्हे? आणि तो भोकाचा, जात्याची तळी? सासरा तर केव्हाच वर गेला होता. आता विचारायचं कोणाला, की मामंजी, तुमच्या हाती आला तेव्हा राजवाडा मुळात किती दगडांचा होता?