साडेपाचचा वारा

पंडित चुडामण महाजन तार केल्यासारखं बोलायचे. भाजीवाल्या मालूबाईनं विचारावं, "मास्तर, वांगे देऊ का गिलके देऊ? ताजे आहेत, आत्ताच उतरवले," आणि मास्तरांनी म्हणावं, "गिलके. अर्धा. कोवळे." वर्षानुवर्षं रोज तारा केल्या की माणसाच्या जिभेवरचे जादा शब्द गळून पडतात, दुसरं काय! मालूबाई त्यांच्या पाठीमागं त्यांचीच नक्कल करायची : "मालूबाई मेली. फुलं पाठवा. मास्तर."

शाळेत ते गणित शिकवायचे, पण बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात त्यांना सगळे हवावाले मास्तर म्हणत. शाळेमागच्या कुंपणात झडपांची पांढरी पेटी होती, तिच्यात तापमापक. बाजूला पाऊस मोजायचं नळकांडं, आणि उंच खांबावर वाऱ्यानं गरगरणाऱ्या वाट्या. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला आकडे वाचायचे, वहीत लिहायचे, तारेनं पाठवायचे. पुढे ते हवेचा अंदाज बांधणाऱ्यांकडे जात, विमानं उडवणाऱ्यांकडे जात.

संध्याकाळचे आकडे मात्र मास्तर वाचत नसत. शाळा सुटली की ते नदीपल्याड जैनाबादला शिकवण्यांना जात. साडेपाच सांभाळायची त्यांची बायको कोकिळा, फोपनारच्या केळीवाल्यांची लेक, सातवी पास. दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू, पण वारा मोजताना चिडीचूप. वाट्यांखाली, त्या फिरतील तसे आकडे पुढं सरकणारी एक डबी होती. ती वाचायची, तीन मिनिटं थांबायचं, पुन्हा वाचायची. फरकावरून वारा निघतो. तेवढ्यात वरून एखादं विमान गेलं की आकडा लिहून झाल्यावर म्हणायची, "घ्या! चाललं आपला आकडा घेऊन!" शहात्तर सालापासून तेरा वर्षं तिनं एकही संध्याकाळ अंदाजानं लिहिली नाही.

एकोणनव्वदच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली. आखाजीला लेकी माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात. पुरुष ओट्याओट्यांवर पत्ते कुटतात. निघताना म्हणाली, "साडेपाच इसरू नका बरं. पत्ते काय, उद्या बी तेच असतील. हवा उद्या तीच नसते."

त्या संध्याकाळी मास्तरांच्या हातात पानं चांगली आली होती. गल्लीत हवा कोंदलेली, धुणंसुद्धा हलत नव्हतं. शाळेपर्यंत जाऊन यायचं म्हणजे डाव मोडणार. मास्तरांनी मांडीवर कागद ठेवला, कालचंच तापमान जरासं वाढवून लिहिलं, वाऱ्यापुढं शून्य लिहिलं. तारघर शेजारीच. तार देऊन आले आणि पानं उचलली. शाळेच्या आवारातून पश्चिम दिशा पार उघडी दिसते, गल्लीतून दिसत नाही. आवारात गेले असते तर क्षितिजावर उभी राहिलेली धुळीची काळी भिंत त्यांना दिसली असती.

सहाला वादळ आलं. फोपनारला केळीचे खांब रांगेनं आडवे झाले, आणि झोक्याच्या निंबाची फांदी कोकिळेवर पडली.

तार आणि वही जुळली पाहिजे, असा हवामान खात्याचा नियम. तिचं तेरावं झाल्यावर मास्तरांनी वही उघडली आणि आखाजीच्या संध्याकाळपुढं तारेतलंच शून्य लिहिलं. खरा आकडा गेला असता तरी फांदी थांबली नसती, एवढं गणिताच्या मास्तरांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

मग त्यांनी शिकवण्या सोडल्या. साडेपाचला ते स्वतः कुंपणात उभे राहू लागले. पहिल्याच संध्याकाळी हवा बंद होती. डबी वाचली. तीन मिनिटं थांबायचं. दुसऱ्या मिनिटाला पाठीमागं दोर करकरला. फांदीला घासला जाणारा, ओझं पेलणारा दोर. मास्तर वळले. आवारात निंब नव्हता, झोका नव्हता. कुंपणाच्या तारेवर एक कावळा होता, आणि तोही त्याच दिशेला बघत होता. तीन मिनिटं झाली. डबीतला आकडा तोच. म्हणजे वारा शून्य. मास्तरांनी पेन्सिल टेकवली तशी करकर जवळ आली. अगदी मानेशी. त्यांनी घाईनं 'दोन' लिहिलं.

करकर थांबली.

तेव्हापासून वारा असला की जेवढा असेल तेवढा, आणि नसला की दोन. कधी वाटायचं, मन घट्ट करून एकदा शून्य लिहावं आणि काय होतं ते बघावं. पण हात धजला नाही.

अठरा वर्षं अशी गेली. तारेऐवजी फोन आला, आणि दोन हजार सातमध्ये फोनही नको झाला. ठिकठिकाणची केंद्रं उपग्रहाच्या एका जाळ्यात ओवायचं काम निघालं होतं. मास्तरांच्या कुंपणात नवा खांब उभा राहिला. त्याला सौर पट्टी, बंद पेटी आणि आभाळाकडे रोखलेली अँटेना. पेटी दर तासाला आपोआप आकडे वर धाडायची, आणि ते उपग्रहावरून खाली उतरून मिनिटांत विमानतळांवर आणि अंदाजवाल्यांकडे पोचायचे. एक वर्ष मास्तरांनी नेहमीसारखं वाचायचं, यंत्रानंही वाचायचं, मग दोघांचं पडताळायचं. त्यानंतर मास्तरांना सुट्टी. मास्तर यंत्राकडे बघत उभे राहायचे. त्याला मान नव्हती, पाठ नव्हती. दोर करकरला तरी ते शून्याला शून्यच म्हणणार होतं.

पडताळायला इंदूरहून रजनी मॅडम आल्या. वय पंचविशीचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि सगळं घाईत.

"सर, कमाल आहे तुमची! तापमान एकदम करेक्ट. पाऊस करेक्ट. बस, वो शाम की हवा..."

"काय?"

"मशीन म्हणतं शून्य, तुम्ही म्हणता दोन. परसों शून्य, तुमचे दोन. मागच्या गुरुवारी शून्य, तुमचे दोन. मग मी जुन्या वह्या काढल्या. एकोणनव्वदच्या मेनंतर तुमच्या इथं शाम को हवा कधी बंदच नाही पडली, सर! बुऱ्हाणपूर आहे का समंदर?" ती हसली. मास्तर हसले नाहीत, तशी तिनं हसू आवरलं. "बुरा नका मानू. पण कारण कळलं नाही ना, तर आकडे तपासणारी समिती या केंद्राचा सगळाच वारा बाद करेल. शहात्तरपासूनचा."

"आधीचा खरा."

"मला पण तसंच वाटतं. पण वाटून काय होतं? तुम्ही लिहून द्या, कब से आणि का. आणि त्या दिवशीची हवा ज्यानं पाहिली, अशा एकाची सही लागेल. मंगळवारी मी परत येते."

रजनी गेल्यावर मास्तरांनी शहात्तरची वही उघडली. गोल गोल अक्षर. शेऱ्यात पेन्सिलीनं : 'पश्चिमेला धूळ. विमान एक.' तेरा वर्षांच्या संध्याकाळी अशा. ते गप्प राहिले तर या सगळ्या खोट्यात जमा होणार होत्या. बोलायचं, तर सहीला माणूस एकच होता, कोकिळेचा भाऊ उखर्डू. त्यानंच तिला फांदीखालून काढलं होतं. दर गुरुवारी बाजाराला आला की तो केळीची फणी घेऊन मास्तरांकडे यायचा आणि बहिणीच्या गोष्टी सांगायचा. त्या घरात कोकिळेचं नाव मोठ्यानं घेणारा आता तो एकटाच उरला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी उखर्डू आला. रजनी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती.

"काय दाजी, सही पायजे मने? जमीन त नाही लिहून घेत ना माझी?" उखर्डूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाचा, वाचा. माझा चष्मा घरीच राह्यला."

मास्तरांनी कागद वाचला. पाचच ओळी होत्या. आखाजीच्या दिवशी मी आवारात गेलो नाही. पत्ते खेळत होतो. वारा न बघता शून्य लिहिला. त्यानंतर संध्याकाळी वारा नसला तरी दोन लिहीत आलो. त्याआधीचं संध्याकाळचं सर्व वाचन माझ्या पत्नीचं असून खरं आहे.

उखर्डू बराच वेळ टोपीची घडी घालत राहिला. घालायचा, मोडायचा.

"तठे फोपनारले साडेपाचले तिनं झोका थांबोला व्हता," तो म्हणाला. "रोजची सवय ना. पश्चिमेकडे पाह्यलं अन् मने, 'आज आमच्या मास्तरचा आकडा मोठा जाईल. चला गं पोरींनो, घरात पळा.' साऱ्या पोरींले तिनं घरात लावलं. दोर सोडाले मागं एकटी राह्यली."

मास्तरांनी कागद त्याच्यापुढं सरकवला.

"डाव जिंकला व्हता का तुम्ही?"

"हो."

उखर्डूनं मान हलवली. रजनीनं दाखवलेल्या जागी जाड अक्षरात सही केली, टोपी घातली आणि उठला. चहा तसाच राहिला.

"गुरुवारी?" मास्तरांनी विचारलं.

"पाहू," उखर्डू म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

रजनीनं कागद पाकिटात घातला. आता तिचाही आवाज खाली आला होता. "आधीचं सगळं राहील, सर. पक्का. आणि त्या शामचा आकडा... भाऊंनी सांगितलं त्यावरून काही टाकू का?"

"नको. तिनं लिहिला नाही."

रजनीनं पडद्यावर शून्य पुसलं. चौकट रिकामी राहिली. खाली पुढच्या तारखा होत्या, सकाळ-संध्याकाळ ओळीनं रिकाम्या. एक, दोन, तीन... तेरा. चौदाव्या दिवशी मास्तरांनी लिहिलेला पहिला वारा होता. दोन.

"बाद करायचं इथून का, सर?"

मास्तर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"इथून," ते म्हणाले.