दाजींच्या गेममधले ट्रॅक्टर

धुळ्याला आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक भाऊ होते. ते कीबोर्डला कधीच हात लावत नसत. मागे उभे राहून, ज्यानं घोळ घातला त्याच्याकडूनच तो निस्तरून घेत.

दाजींच्या शर्यतीच्या गेममध्ये मी मित्राच्या फ्लॉपीतून मोटारींऐवजी ट्रॅक्टर घातले, आणि गेम उघडेचना. दाजी संध्याकाळी दोंडाईच्याहून परतणार होते. घाबरून मी भाऊंना बोलावलं आणि फायली पुसायला लागलो.

"पुसू नको भो! तारीख पाह्य. कालन्या बठ्ठ्या बाजूले ठेव."

आदल्या दिवशी घातलेल्या ट्रॅक्टरच्या सगळ्या फायली बाजूला ठेवल्या. मग मूळ फ्लॉपीतल्या फायली परत घातल्या. मोटारी घरघरल्या! मी भाऊंना मिठीच मारली.

"माले काय? बठ्ठं तूच करं," भाऊ म्हणाले.

सगळं मीच केलं, हे मला इतकं पटलं, की संध्याकाळी दाजींना छाती काढून सांगितलं, "तुमचा गेम बिघडला होता. मी दुरुस्त केला."