रबाळ्याची दुसरी प्रत

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्याच्यासोबत इतकी वर्षं एका टेबलावर डबा खातोय त्या मित्रापाशीही नाही. बोलण्याजोगं त्यात आहे तरी काय, असं मी स्वतःला समजावत आलो — कंप्युटरमधल्या एका फाइलची तर गोष्ट! पण तुमची माझी ओळख नाही. त्यामुळे तुम्हाला सांगणं जरा सोपं जाईल, असं वाटतंय.

मी डेटाबेस सांभाळतो. आमच्या कंपनीचं कंटेनर यार्ड जासईला आहे, माझं ऑफिस रबाळ्याला, घर करंजाडेला. यार्डात कुठला कंटेनर आला, कुठला अडकला, कुठला गेटबाहेर सोडायचा, हे सगळं जासईच्या सर्व्हरवर असतं. आणि तो सर्व्हर स्वतःची एक नोंदवही लिहीत असतो, तिला आम्ही लॉग म्हणतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं ना, तसंच. कोण आलं, किती वाजता, कुठल्या मशीनवरून, आणि आत येऊन काय केलं.

मला व्यवस्थितपणाचा रोग आहे. आमच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड मागा, दोन फायलींत मिळेल. त्यामुळे जासईचे लॉग फक्त जासईलाच राहतात, हे मला बघवायचं नाही. तिथली डिस्क लहान, म्हणून सात दिवसांच्या वरचं आपोआप पुसलं जायचं. मग मी एक दिवस सेटिंग बदललं — प्रत्येक ओळ तिथल्या फाइलमध्ये तर जाईलच, शिवाय एक प्रत रबाळ्याच्या एका जुन्या मशीनवरही येईल. तिथे ती एक वर्ष राहील. काम दोन ओळींचं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. चार महिने नीट चालू दे, मग मीटिंगमध्ये भाव खाऊ, असा विचार होता.

आता मंदाताईंबद्दल सांगतो.

त्या जासईच्याच. घरची भातशेती बंदराच्या कामात गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती यांनी घेतली. झाडू मारायला आल्या आणि जिद्दीने कंप्युटर शिकून गेटच्या स्क्रीनवर बसल्या. दोन बोटांनी टाइप करायच्या, पण चूक म्हणून नाही. मला त्या दादा म्हणायच्या. मी वयाने लहान, तरी दादाच.

एका दुपारी त्यांचा फोन आला. एका कंटेनरची तपासणी होऊन कागद सुटले होते, पण स्क्रीनवर तो अजून ‘होल्ड’ दाखवत होता, आणि त्यांनी बटण दाबूनही तो होल्ड निघत नव्हता. होल्ड म्हणजे तपासणी बाकी, गेटबाहेर सोडायचा नाही. ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, तो मला फोनमधून ऐकू येत होता. अशा वेळी थेट डेटाबेसमध्ये हात घालायला साहेबांची लेखी परवानगी लागते. साहेब मीटिंगमध्ये. आणि मंदाताईंचा पासवर्ड? मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. अख्ख्या ऑफिसला पाठ होता. मी रबाळ्यातल्या माझ्या मशीनवरून त्यांच्या नावाने आत शिरलो आणि होल्ड काढला. त्यांना वाटलं, सिस्टीम आपोआप सुधारली. मीही तसंच वाटू दिलं.

फक्त — यादीतून नंबर उचलताना मी एका ओळीऐवजी दोन उचलल्या होत्या. दुसऱ्या कंटेनरची तपासणी खरंच बाकी होती. तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेटमधून बाहेर गेला, आणि मला पत्ताच नाही.

दहाव्या दिवशी तपासणीवाले तो उघडायला आले, तेव्हा जागा रिकामी. मग जी धावपळ झाली, ती काय सांगू. कंटेनर मिळाला, परतही आला. पण कुणीतरी होल्ड काढला होता ना? स्क्रीनवर ‘बदल करणार’ या रकान्यात मंदाताईंचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाईने चिरीमिरी घेतली.

मी लगेच रबाळ्याची फाइल उघडली. ओळ होती. वेळ होती, मंदाताईंचं नाव होतं, आणि पुढे मशीनचा नंबर — जो माझ्याच मशीनवर स्टिकरवर लिहून चिकटवलेला आहे. स्टिकरही मीच चिकटवलाय, अर्थात.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, लॉग बघितले का? मी म्हणालो, जासईच्या सर्व्हरवर सात दिवसांच्या पुढचं राहत नाही, सर.

बघा, खोटं आहे का यात काही? एक शब्द खोटा नाही. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते हेच. साहेब तंत्रातले नाहीत, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. एक ‘पण’ म्हणायचं होतं फक्त. मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायलो.

पण मंदाताई साहेबांपेक्षा हुशार. त्या दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून रबाळ्याला आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

“दादा, मी नाय केलं. त्या मशीनमदी कुटं लिवलेलं नसतं काय, कोनी केलं तं?”

बरोबर तोच प्रश्न. मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांना जो सुचला नाही, तो त्यांना सुचला. आणि या वेळी शब्दांत लपायला जागा नव्हती. हो किंवा नाही.

मी म्हणालो, “नाही हो ताई. शोधलं मी. काहीच नाही.”

म्हणजे सरळ खोटं. कशासाठी? नोकरी गेली असती म्हणून? नसती गेली. मेमो मिळाला असता, वर्षभर बढती अडली असती. खरी भीती वेगळीच होती — सगळ्यांना नियम शिकवणारा हा शहाणा माणूस दुसऱ्याच्या पासवर्डने आत शिरतो, हे कळलं असतं. तेवढ्यासाठी.

कंपनीने त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. गावात काय बोललं गेलं असेल ते मी कधी विचारलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी त्या मला करंजाडेच्या बाजारात भेटल्या. मुलीचं लग्न होऊन ती इकडेच राहायला आली होती. सोबत जावई होता. मी दुसरीकडे बघत निघालो होतो, त्यांनीच हाक मारली. जावयाला म्हणाल्या, “ह्ये आमच्या हापिसातले दादा. माज्यासाटी लय शोदलं ह्यांनी. एवड्या मानसांत ह्ये एकटेच.” जावई वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला म्हणा. लाज वाटली, फार वाटली. तेव्हा फाइल रबाळ्यात होती. घरापासून तासाभराच्या अंतरावर.

मी ती पुसली नाही, हे सांगायला हवं. रोज पुसू शकत होतो, तसा ती घेऊन साहेबांपुढे बोलूही शकत होतो. यातलं काहीच केलं नाही. वर्षाची मुदत मीच घातलेली, तारीख डोक्यात पक्की होती. त्या दिवशी सकाळी चहा घेऊन मशीनसमोर बसलो. अकराच्या सुमाराला यादी पुन्हा उघडली, तर त्या दिवसाची फाइल नव्हती. नियमाने गेली होती.

मला हायसं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण तसंच झालं. चहा प्यायलो आणि कामाला लागलो.

पुढे दुसऱ्या प्रतीची ती पद्धत मी रीतसर मांडली. साहेब खूश झाले, आता सगळ्या यार्डांचे लॉग तसेच जातात. नव्या लोकांना मीच शिकवतो, आणि चांगलं शिकवतो.

लॉगच्या फाइलींना मुदत असते. डेटाबेसमधल्या नोंदीला नसते. त्या कंटेनरचा नंबर टाकला की आजही ती समोर येते — होल्ड काढला, बदल करणार मंदाताई. मी अधूनमधून उघडून बघतो.

तो होल्ड त्यांनी काढला नव्हता. मी काढला होता.