आत मी नसतो

"असू दे वैनी, वारं येऊ दे," असं म्हणत नाना पायातली एक चप्पल काढून दाराच्या फटीत सरकवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. घर कुणाचंही असो. पतपेढीचं ऑफिस असो, नाहीतर कुणाची मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खात बसलेली असोत. आपल्यामागे दार मिटेल, ही धास्ती त्यांना चोवीस तास असे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा विसरभोळा आहे. मग दार लावायला जावं तर ते चपलेवर अडायचं.

दिवेआगरला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. नाना आमच्या कुंपणाला लागून राहायचे आणि वाडीचं सगळं काम बघायचे. झाडांना पाणी लावणं, नारळ उतरवणं, पडलेली झावळं ओढून आणणं, शिवाय माझ्या चहाला नावं ठेवणं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो एसटीत खिडकी मिळाली नाही तर गाडी सोडून देतो. नानांचं प्रकरण त्याच्या बरंच पुढे गेलेलं होतं. ते न्हाणीचं दार उघडं टाकून आंघोळ करायचे आणि कुणी चुकून येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं भजन म्हणायचे. आवाज भसाडा, तालाशी वैर. नानांचं भजन थांबलं की शेजारच्या बायका पाण्याला बाहेर पडायच्या. देवळातही ते गाभाऱ्याकडे फिरकायचे नाहीत. "मी देवाला दिसतो ना हितनं? मग झालं तर," म्हणायचे.

मोठं चक्रीवादळ आलं त्या दिवशी आम्ही सगळे स्वयंपाकघरात कोंडून बसलो होतो. वरची कौलं उडत होती, मागे पोफळी कडाकड मोडत होत्या. नाना मात्र पडवीत खांबाला मिठी मारून उभे. मी खिडकीतून ओरडले, "नाना, आत या हो! वेड लागलंय का तुम्हाला?" ते तिथूनच ओरडले, "वैनी, हितं मेलो तर वाऱ्यानं मरीन. आत मेलो तर नुसता भीतीनं मरीन. त्यापेक्षा ह्ये बरं." वारा पडल्यावर आम्ही त्यांचे हात खांबावरून अक्षरशः सोडवून घेतले. नखांत लाकडाची कुसळं गेली होती.

आणि हाच माणूस शिमग्यात संकासूर व्हायचा. आता बोला!

आमच्याकडच्या पालखीपुढे नाचणारं ते काळं सोंग तुम्ही पाहिलं असेल. अंगात काळा पायघोळ झगा, कमरेला घंटा, डोक्यावर उंच टोकदार टोपी आणि तोंडावर छातीपर्यंत येणारा जाड काळा बुरखा. त्याला अंबाडीची पांढरी दाढी शिवलेली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, तीही एवढीएवढीशी. आमच्या गावात सोंग चढलं की ते बोलत नाही. लोक त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात, ते फक्त घंटा वाजवतं. आणि आत कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असलं तरी त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, नात्यानंही हाक मारायची नाही. नाना फाल्गुनाच्या उन्हात दिवसचे दिवस त्या बुरख्याखाली काढायचे.

मी एकदा न राहवून विचारलंच. "नाना, खोलीचं दार लागलं तर तुमचा जीव जातो. तिथे नाही गुदमरत?"

"आत मी नसतो, वैनी. मग भ्यायचं कुनी?"

चहात साखर नको म्हणावं तितक्या साधेपणानं ते हे म्हणाले. मी हसले. पण त्यांच्या मुलीच्या लहानपणचा एक प्रसंग मला आठवत होता, त्यामुळे हसू पुरतं आलं नाही. ती चार-पाच वर्षांची असेल. पालखीच्या गर्दीत पडली, गुडघा फुटला, आणि "बाबा, बाबा" करत धावत जाऊन तिनं तो काळा झगाच धरला. बायकांनी श्वास रोखले. आईनं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. सोंग थांबलं. मान वाकडी करून त्यानं त्या पोरीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, परक्याच्या मुलाकडे पाहावं तसं. मग झगा सोडवून घेऊन पुढे निघून गेलं. संध्याकाळी बुरखा उतरवून घरी आलेले नाना बायकोवर खेकसले, "पोरीच्या गुडघ्याला काय झालं? लक्ष कुठं होतं तुजं?" ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

पुढे बायको गेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. नाना एकटेच राहायचे, दारं उघडी टाकून.

मग त्यांचे पाय जायला लागले. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. पुढे चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मी मागून ओरडायची, "नाना, चप्पल!" आणि ते खाली बघून चकित व्हायचे. माणगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पाठीच्या कण्यात काहीतरी दाबलं जातंय. एमआरआय काढल्याशिवाय कुणी सर्जन हात लावणार नाही. आणि फार दिवस घालवले तर पाय कायमचे जातील.

एमआरआयचं मशीन तुम्ही पाहिलं असेल तर पुढचं सांगायला नको. बोगद्यासारखी अरुंद नळी, तिच्यात माणसाला सरकवायचं आणि त्यानं अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. पहिल्या वेळी नाना खांद्यापर्यंत आत गेले आणि असे किंचाळले, की बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी निघून गेला. दुसऱ्या वेळी शांत राहायची गोळी दिली. गोळीनं आम्हीच तेवढे शांत झालो. दमा असल्यामुळे भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. परतताना नाना गाडीत रडले. वाऱ्यासाठी चारही काचा उघड्या होत्या आणि मी पुढे बघत बसले होते. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "वैनी, मला न्हाय जमनार. पन त्याला जमंल."

"कुणाला?"

त्यांनी देवळाच्या दिशेनं, संकासुराचा बुरखा ठेवतात तिकडे, हनुवटी हलवली.

गावात कुरबुर झाली. देवळातल्या गुरवांचे वडील म्हणाले, शिमगा नसताना तो बुरखा तोंडावर घेत नाहीत, आजवर कुणी घेतलेला नाही. पण माणसाच्या पायांचा प्रश्न होता, शेवटी बुरखा दिला. मी आपली मनात म्हणत होते, यात देवाधर्माचं काय आहे? डोळे झाकले की भीती कमी होते, साधी गोष्ट. स्कॅन सेंटरवर मशीन चालवणाऱ्या बाईंनीही तेच सांगितलं. चष्मा लावलेल्या, चाळिशीच्या, समजूतदार बाई. बुरखा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट चाचपला आणि म्हणाल्या, "धातू नाही ना कुठे? मग दाढी असली तरी चालेल मला."

मुलगी पनवेलहून आली होती. नाना टेबलावर आडवे झाले. थरथर इतकी, की चादर हलताना दिसत होती. मुलीनं बुरखा त्यांच्या तोंडावरून खाली ओढला आणि ती थरथर थांबली. हळूहळू कमी झाली नाही, एकदम थांबली. बाईंनी त्यांच्या हातात रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबायचा. बोटं त्याच्याभोवती मिटली नाहीत. टेबल आत सरकलं. काचेतून आम्हाला फक्त तळपाय दिसत होते.

मशीन ठोकू लागलं. मधल्या शांततेत बाईंनी माइकवरून विचारलं, "काका, ठीक आहात ना?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मी म्हटलं, "ते बोलणार नाहीत, बाई. तशी रीतच आहे." त्यांनी मान हलवली. "तुमची रीत असेल. दम्याचा पेशंट उत्तर देत नसेल तर मला मशीन बंद करून त्यांना बाहेर काढावं लागतं. नाव काय यांचं?" आणि समोरचा कागद बघून त्या नाव उच्चारणार, एवढ्यात मुलीनं त्यांचा हात धरला.

"नाव नका घेऊ! मी बोलते."

ती माइकपाशी वाकली. मला वाटलं, आता बाबा म्हणून हाक मारते. पण तिनं हात जोडले आणि आपल्या बापाशी परक्यासारखं बोलली.

"देवा म्हाराजा, आमचा मानूस अडचनीत हाय. तुज्या पदरात घातलाय. त्याला त्याच्या पायावर उभा कर, आनि आमचा मानूस आमाला भायेर आनून सोड."

मग स्पीकरमधून आवाज आला.

"व्हय."

नानांचा आवाज भसाडा होता हे मी सांगितलंच आहे. हा आवाज तसा नव्हता. तो खोल होता, सावकाश होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. सोंग कधी बोलत नाही, हे मुलीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. "बोलले ना? झालं तर," बाई म्हणाल्या. "नळीत आवाज असाच घुमतो." आणि त्यांनी मशीन पुढे चालू केलं. तळपाय शेवटपर्यंत हलले नाहीत. इतका स्वच्छ फोटो फार कमी लोकांचा येतो, असं त्या नंतर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मुलीनं बुरखा काढला. नानांनी डोळे किलकिले केले. "मला कवा न्यायचं आत?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे हसलो. मुलगी डोळे पुसत हसली.

ऑपरेशन मुंबईला झालं, चांगलं झालं. पावसाळ्यानंतर नाना काठी टेकत आमच्या वाडीत आले. दोन्ही चपला त्यांनी पायरीशेजारी नीट जुळवून ठेवल्या, आत आले आणि मागे हात नेऊन दार लावून घेतलं. मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे शिरा करायला घेतला. भीतीही गेली म्हणायची! चहा दिला तो त्यांनी मुकाट प्यायला. नावं ठेवली नाहीत.

मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. न्हाणीचं दार बंद, भजन नाही. दुपारी सुपाऱ्या सोलायला बसायचे ते नारळाच्या कोठीत, अंधारात, दार ओढून. मी "नाना" म्हणून हाक मारली की आधी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतेय ते. वागणं अगदी सालस. कुणावर खेकसणं नाही, वाद नाही. गाव म्हणायचं, म्हातारा सुधारला. मीही म्हणायची, मोठ्या आजारातून उठलेली माणसं अशी मऊ होतात. ऑपरेशन कण्याचं होतं, डोक्याचं नव्हतं, हे मला कळत होतं, तरी मी तेच धरून बसले. पण दिवाळीला मुलगी आली, त्यांच्या पाया पडली, आणि त्यांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते बघणं मी ओळखलं आणि कामाचं निमित्त करून आत निघून गेले.

व्यायामासाठी म्हणून मुलीनं त्यांना पनवेलला नेलं, ते तिथेच राहिले. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले होते. सहावा मजला, एसी, सरकत्या काचा घट्ट लावलेल्या. आतल्या लहानशा खोलीत दार मिटून ते बसले होते. मला बघून हसले, बसा म्हणाले. वैनी म्हणाले नाहीत. मी वाडीचं सांगत राहिले, कुठली पोफळ धरली, कुठली वाळली. ते ऐकत राहिले, पाहुण्यानं यजमानाच्या घरचं ऐकावं तसं. मला माझ्या चहाला नावं ठेवणारा तो भित्रा, भांडकुदळ माणूस हवा होता.

निघताना मुलगी लिफ्टपर्यंत सोडायला आली. बटण दाबायचं सोडून नुसती उभी राहिली.

"काकी, पाय दिले की न्हाय त्यानं? दिले. मी मागितलं तसंच दिलं सगळं. आमचा मानूस भायेर आनून सोड म्हटलं, तर सोडला." ती खाली बघत होती. "पन कुठला मानूस, ते माजं सांगायचं राह्यलं. नाव घ्यायचं नव्हतं ना."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वेडी आहेस, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. लिफ्ट आली, दार उघडलं, आतला लहानसा दिवा लागला. मी जिन्यानं उतरले.