लंबकाची पट्टी

आमचे भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी शिनोलीहून सायकलीवर येत. हत्यारांना हात लावण्यापूर्वी डोळे मिटून, टिक-टॉकचे दोन्ही ठोके सारख्या अंतराने पडतात का ते ऐकत. निघताना दरवेळी बजावत, "गुरुजी, लंबक काढल्याबिगर घड्याळ हलवू नका."

एका दिवाळीआधी भिंतीला रंग देताना मी घड्याळ लंबकासकट उतरवले आणि ते बंद पडले. पत्नीने कारण विचारले, तेव्हा मी म्हणालो, "मागची दुरुस्ती कच्ची राहिली असावी."

ते आले, तेव्हा तिने त्यांना हेच ऐकवले. लंबक जिला टांगतात ती पातळ पट्टी काढून त्यांनी उजेडात धरली. ती मधोमध वाकली होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले.

"व्हय वहिनी, माझ्याच हातनं ऱ्हायलं असंल."

"बरं झालं, शेजारच्यांना त्यांच्या घड्याळासाठी मी दुसरा माणूस बोलवायला सांगितलं," ती म्हणाली.

ते नवी पट्टी बसवू लागले. वर्गात मी मुलांना आपली चूक सर्वांसमोर कबूल करायला लावत असे. त्या दिवशी मी त्यांचे स्टूल धरून उभा राहिलो आणि ते निघून जाईपर्यंत काहीच बोललो नाही.