पन्नीने बांधलेली कलमं

आमच्या शिरड शहापूरच्या मळ्यात कुणी बोलायला आलं, की आधी तोंडातला ऐवज बाहेर टाकतं आणि मग रामराम घालतं. टाकायचा कुठं, तर जिथं हिरवं दिसेल तिथं. भिंत दिसली तर माणूस एकवेळ संकोचतो, पण झाडाचं बूड म्हणजे यांना सरकारनं बांधून दिलेली पिकदाणीच वाटते. मळ्यातल्या माझ्या एका लाडक्या झाडापाशी मी पत्र्यावर चुन्यानं लिहून पाटी लावली, ‘इथे थुंकू नये’. आठ दिवसांत त्या ‘नये’वरच एक लालभडक पिचकारी सुकून बसली. शी! पस्तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलं त्याचं हे फळ.

ते झाड ॲव्होकॅडोचं होतं. गावात त्याला कुणी लोणीफळ म्हणतं, कुणी ‘बाईचं इंग्रजी झाड’ म्हणतं. हळदीच्या आणि सोयाबीनच्या गावात एका रिटायर मास्तरणीला हे असलं थंड हवेचं झाड लावायची काहून हौस सुचली, असं मला कितीतरी जणांनी विचारलं. हौस कसली डोंबलाची! मला ते आमच्या यांच्या तोंडासाठी हवं होतं.

आमचे हे हिंगोलीला एका हापिसात कारकून होते. हापिसाच्या बाहेर पानठेला होता आणि ठेल्यावर खर्रा. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी नशीब समजावं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पातळ प्लास्टिकच्या चौकोनी पन्नीत घालून घोटतात, घोटतात, आणि त्याची पुरचुंडी करून रबर लावून देतात. हे पंचवीस वर्षं गालात तो गोळा धरून फायली लिहायचे. रिटायर झाले तेव्हा तोंड आकसलेलं होतं. नांदेडच्या डॉक्टरनी तोंड उघडायला लावलं आणि बोटं उभी धरून माप घेतलं. तीन जायला हवीत, दोनच गेली. डॉक्टर म्हणाले, “आज सोडलंत तर आहे तिथं थांबेल. न्हाई सोडलं तर अजून बंद होत जाईल, आणि पुढं त्याची गाठ होईल. मग माझ्या हातात काही न्हाई.”

परतताना एसटीत यांनी माझा हात धरला. “लेकीची आण,” म्हणाले. “आजपासून शिवणार न्हाई.” आमची एकुलती एक लेक. तिची आण म्हटल्यावर मी पुढं काय बोलणार? मी रडले बसमध्ये, लोकांसमोर.

आता तिखट चालत नाही, भाकर चावत नाही, जबडा दुखतो. रोज वरणभात कालवून किती घालणार? लेक लग्नानंतर दक्षिणेत एका थंड डोंगरी गावात राहते, जावई चहाच्या कारखान्यात आहेत. तिच्या घरमालकाच्या अंगणात ॲव्होकॅडोचं झाड आहे. ती फोनवर म्हणाली, “आई, हे फळ पिकलं की नुसत्या बोटानं कुस्करतं. चावायचं कामच न्हाई, आणि अंगाला लागतं. बाबाला हेच पायजे.” नांदेडला चौकशी केली तर एका फळाची किंमत ऐकून मी दुकानदाराला म्हटलं, “बाबा, झाडासकट देता का?”

म्हणून बिया. लेकीनं पाठवलेल्या बिया मी पिशव्यांत लावल्या आणि वीतभर वाढल्यावर कळलं, की नुसत्या बीपासूनच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं लागतात, आणि येईल ते कसं निघेल याचा भरवसा नाही. कलम करायला हवं होतं. कलम मला परकं नव्हतं. माझे वडील बोरीचे डोळे भरायचे, आंब्याच्या पाचरी बांधायचे, आणि पात्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, मला सोडून. मी लेकीला सांगितलं, फळणाऱ्या झाडाच्या शेंड्याच्या काड्या पाठव. पेन्सिलीएवढ्या जाड, डोळे टपोरे झालेल्या पण न फुटलेल्या. ओल्या कापडात गुंडाळलेल्या त्या काड्या कुरिअरनं हिंगोलीला यायच्या आणि मी पहिल्या बसनं आणायला जायची.

करायचं एवढंच, की बीच्या रोपाचा शेंडा कापायचा, बुंध्याला मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि चिरेत बसवायची. सालीला साल भिडली पाहिजे. मग वरून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळायचं, हवा आणि पाणी आत जाता कामा नये. महिना-दीड महिना ते प्लास्टिक सोडायचं नाही. आधी सोडलं तर दोन दिवसांत काडी वाळते.

सांगायला सोपं. पहिल्या वर्षी थंडी ऐन भरात असताना बांधली, सगळी गेली. गारठ्यात रोपच झोपलेलं, काडीला जीव कुठून देणार? दुसऱ्या वर्षी होळीनंतर बांधली, तर उन्हानं महिन्यात कोळसा केला. आमच्याकडं या झाडाला मानवणारी हवा असते ती संक्रांत ते होळी एवढीच, आणि थोडी श्रावण-भाद्रपदात. मी हिरवी जाळी लावली, भोवती गोणपाटं उभी केली, बुडाला हळदीचा पाला अंथरला. बघणारे म्हणायचे, “म्याडम, लेकरू पाळून राहिल्या की काय?” मी म्हणायची, “व्हय. तुमी दूर उभे राहा.”

तिसऱ्या खेपेला माझ्याकडची पट्टी संपली. काड्या आलेल्या, तासून पाण्यात ठेवलेल्या, आणि हिंगोलीला जाऊन यायचं तर सगळा दिवस जाणार. मी चिडून आदळआपट करत होते. तेवढ्यात हे उठले, मागच्या टिनाच्या खोलीत गेले आणि मूठभर चौकोनी पन्न्या घेऊन आले. स्वच्छ धुतलेल्या, सुकवलेल्या, एकावर एक लावलेल्या, हापिसातल्या कागदांसारख्या.

“या कुठल्या?” मी विचारलं.

“पानठेल्याच्या. जुन्या पडल्या होत्या. टाकवल्या न्हाईत,” म्हणाले. “धुवून ठिवल्या. बघ, ताणतात का.”

झकास ताणत होत्या. पातळ, चिवट, आणि कलमाला अशा बसायच्या की वडलांनी पाहिल्या असत्या तर खूश झाले असते. मला कौतुक वाटलं हो! ज्या पन्नीनं यांच्या तोंडाची वाट लावली, तिच्यातूनच यांच्यासाठी फळ येणार, असं काहीतरी मी तेव्हा मनात म्हटलं. आज आठवलं की माझीच मला किळस येते.

त्या खेपेची दोन कलमं लागली, त्यातलं एक जगलं. तेच आमचं मोठं झाड. पुढं दर मोसमाला मी नवी कलमं बांधत गेले आणि दर मोसमाला हे पन्न्या देत गेले. वाळत घातलेल्या पन्न्या माझ्या साड्यांशेजारी दोरीवर चिमट्यात असायच्या. मी म्हणायची, “अहो, पुरत्यात का यंदा?” ते म्हणायचे, “तू काड्या आण. पन्न्याचं मी बघतो.” परीक्षेत कॉपी करणारं पोरगं मी दारातून चेहऱ्यावर ओळखायची. शाळेत माझा त्यासाठी दरारा होता.

तोंडाला वास यायचा. विचारलं की म्हणायचे, ब्रश आत जात न्हाई, दातं साफ होत न्हाईत. खरंच जात नव्हता. जेवायलाही पाठ करून एकटे बसायचे, पातळ वरण वाटीनं ओढायचे. बडीशेप, लवंग, ओवा असं काहीतरी सारखं चघळत असायचे. डॉक्टरकडं मी बरोबर येते म्हटलं, की “तुझी झाडं उन्हात ठिवून येतेस का?” म्हणत एकटे जायचे आणि येऊन सांगायचे, “हाय तेवढंच हाय.”

गेल्या साली मोठ्या झाडाच्या अगदी बुडाशी, जाळीच्या आत, ताजा लाल थुंका दिसला. त्या दिवशी आमचे चुलतदीर आले होते. त्यांचा गाल कायम फुगलेला. मी काही विचारलंच नाही. अंगणात उभं करून बोलले, तोंडाला येईल ते बोलले. घाणेरडे, निर्लज्ज, भावाचं तोंड बंद झालं तरी तुमचे डोळे उघडत न्हाईत, असं सगळं. माणूस साठीचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि चप्पल घालताना म्हणाले, “वहिनी, म्या रस्त्यावर थुंकून आत आलो होतो. तुमच्या घरात बघा.” मला तो उद्धटपणा वाटला. हे बाजेवर बसून बडीशेप चघळत होते. दीर त्या दिवसापासून आमच्या मळ्याकडं फिरकले नाहीत.

यंदा झाडाला फळं धरली. बरीच गळाली, काही वानरांनी अर्धी खाऊन फेकली, दोन उरली. भाद्रपदात मी ती देठासकट कापली. हे फळ झाडावर मऊ होत नाही. केळांसोबत डब्यात ठेवलं आणि रोज दाबून बघत राहिले. पाचव्या दिवशी अंगठा रुतला. कापलं तर आत लोण्यासारखा पिवळा गर. मी तो मीठ-जिरं घालून कुस्करला आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं तिकडून टाळ्या वाजवल्या, “बाबा, पहिला घास माझ्यासमोर खा.”

मी चमचा पुढं केला. तो दाताला लागला. “थोडा तिरका घाल,” हे म्हणाले. तिरका घातला. नाही गेला. मी फळीवरून नातवाचा औषधाचा चमचा काढला. तोही दातावर वाजला. सात वर्षांपूर्वी याच तोंडात दोन बोटं गेली होती. थोडा गर ओठाला लागला, हनुवटीवर ओघळला. लेक फोनमधून बघत होती. “आई, उद्या खातील,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मला तरी शंका आली नाही. मी म्हटलं, आजारच वाढतोय, सोडूनसुद्धा वाढतोय, उद्या नांदेडला जाऊ. ते म्हणाले, “काय गरज न्हाई.” मी हात धुवायला बाहेर गेले.

नळाजवळच यंदाची रोपं ठेवली होती. तीन आठवड्यांपूर्वी बांधलेली बावीस कलमं. एकाची पन्नी वाऱ्यानं टोकाशी सुटली होती, ती नीट करायला वाकले. घडीत काहीतरी तपकिरी चिकटलं होतं. नखानं काढलं. ओलं होतं. नाकाशी नेलं. चुना, तंबाखू, सुपारी.

मी सगळ्या पन्न्या बघितल्या. बावीसच्या बावीस घड्यांत तोच तपकिरी चुरा. जुन्या पडलेल्या पन्न्या पाचव्या वर्षाला कशा पुरतात, हे विचारायला मला पाचवं वर्ष लागलं. जुन्या कधी नव्हत्याच. रोज एक नवी येत होती, रिकामी होत होती, धुतली जात होती आणि मी ती माझ्या हातानं, जपून, झाडाला गुंडाळत होते.  मी नाल्याच्या कडेला बसून ओकले. तो बुडाशी सापडलेला थुंका आठवला, दिराचा चेहरा आठवला, आणि पुन्हा ओकले.

उठले ती पातं घेऊनच. एकेक पन्नी चिरून चुलीत घालायची, असं ठरवलं होतं. पहिल्या कलमाला पातं लावलं. पन्नीच्या वर, काडीवर, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा डोळा फुटलेला होता. जोड अजून कच्चा होता. आत्ता पन्नी सोडली असती तर परवा ते वाळलं असतं. मी पातं धरून उभीच राहिले.

ती एक सुटलेली पन्नी तेवढी घेऊन आत गेले आणि यांच्यासमोर धरली. “लेकीची आण घेतली होती ना?”

त्यांनी पन्नीची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. मग त्या न उघडणाऱ्या तोंडातून म्हणाले, “तुलाच लागत होत्या की पन्न्या.”

एवढं घाणेरडं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. मला त्यांची किळस आली, त्यांच्या दातांची, त्यांच्या हनुवटीवर सुकलेल्या त्या गराची. पाच वर्षं माझ्या साड्या आणि त्यांच्या खर्ऱ्याच्या पन्न्या एकाच दोरीवर वाळत होत्या, त्या दोरीचीसुद्धा किळस आली. मी रडले नाही. हात उगारावासा वाटला, उगारला नाही.

मग वाटीतला गर दुधात घातला, रवीनं पातळ केला, गाळला. गेल्या दिवाळीत नातवासाठी आणलेली नळी कपाटात होती, ती दातांच्या फटीतून आत सरकवली. ते ओढायला लागले. मी पेला धरला होता, आणि तोंड दुसरीकडं केलं होतं. संपवून म्हणाले, “चांगलं हाय.”

मी पेला विसळला आणि बाहेर जाऊन सुटलेलं कलम पुन्हा बांधलं. दुसरी पट्टी घरात नव्हती. तीच पन्नी धुतली आणि तीच गुंडाळली.