विनागुरू पेटी

जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत सत्तारभाई पुस्तकं बांधायचे. कचेरीतली जाडजूड रजिस्टरं, शाळेतली फाटकी क्रमिक पुस्तकं, गावोगावच्या भजनी मंडळांच्या वह्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. शिवण पक्की, पुठ्ठा सरळ, आणि खळ कुठं बाहेर आलेली दिसायची नाही. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले, पण बांधायला आलेलं पुस्तक परत देण्याआधी ते वाचून काढायचे. छापलेल्या अक्षरावर त्यांचा भारी विश्वास. कुणी वाद घातला की म्हणायचे, "छापलंय ते. उगाच छापतील का?"

त्यांची मुलगी ताजबी पाच वर्षांची असताना तापानं फणफणली. ताप उतरला तो उजव्या पायातलं बळ घेऊनच. दोन वर्षं सत्तारभाईंनी तिला पाठुंगळी मारून शाळेत पोचवलं. मग पोर वाढली, तिच्या वजनानं बापाची कंबर धरायला लागली आणि शाळा सुटली. तेव्हापासून शाळा घरात. दुकान उघडायच्या आधी हिशेब, दुपारी जेवल्यावर मराठी, आणि उर्दू शिकवायची तिची आई जोहराबी. बांधायला आलेली पाचवीची, सहावीची पुस्तकं ताजबीकडे चार दिवस जास्त राहायची. अकरा वर्षांची होईस्तोवर तिनं सातवीपर्यंतचं सगळं वाचून संपवलं, आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न पडला.

चोपन्न सालच्या दसऱ्याआधी नारायणगावचे गेणभाऊ वगांच्या वह्या बांधून घ्यायला आले. त्यांचा तमाशाचा फड होता. वह्या न्यायला आले तेव्हा एसटीच्या टपावरून एक जुनी पेटी उतरवून घेऊन आले. म्हणाले, "फडाला नवी घेतली राव. ही पडून ऱ्हाईली तर उंदरं भाता खात्याल. पोरगी घरात बसून असती, वाजवंल की."

जोहराबीला घरात बाजा नको होता. सत्तारभाईंच्या थोरल्या भावानं तर आठ दिवस तोंड टाकलं. पण ताजबीनं भाता हलवून एक पट्टी दाबली आणि निघालेला सूर विझेपर्यंत कान लावून बसली, ते पाहून जोहराबीनं पेटी राहू दिली.

शिकवणार कोण? फडाचा पेटीवाला संपत एकदा येऊन गेला. तासभर त्यानं अशी वाजवली की गल्ली दारात गोळा झाली. मग उठला, म्हणाला, "बगितलं न्हवं? आसंच." तो कसा शिकला हे सत्तारभाईंनी विचारलं, तर म्हणे, बसत गेलो आणि आलं. दसरा झाला, फड गावोगाव निघून गेला.

मग सत्तारभाई पुस्तकांकडे वळले. पंचांगाच्या शेवटच्या पानांवर जाहिराती असायच्या. विनागुरू पेटी शिका, तीस दिवसांत, घरबसल्या. त्यांनी तीन ठिकाणी कार्डं टाकली.

पहिलं पुस्तक पुण्याहून आलं. सत्तारभाईंनी आधी उलटं धरून शिवण पाहिली. शिवण अशी होती की त्यांनी तिथंच मान डोलावली. पण आत प्रत्येक ओळीखाली टिंबं, वर टिंबं, कंस, आडव्या रेघा, आणि प्रस्तावनेत लिहिलेलं की खुणांचा अर्थ विद्यार्थ्यानं आपल्या गुरूंकडून समजून घ्यावा. सत्तारभाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. गुरू असता तर पुस्तक कशाला मागवलं असतं, असं म्हणून त्यांनी ते फळीवर टाकलं.

दुसरी मुंबईची टपाल-शाळा. दर महिन्याला एक धडा यायचा, चार कागद, आणि खाली पाच प्रश्न. सप्तक म्हणजे काय, कोमल स्वर किती. ताजबीनं उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवली, ती तांबड्या शाईत 'उत्तम' होऊन परत आली. चार महिने असे गेले. पाचव्या महिन्यात सत्तारभाईंच्या डोक्यात प्रकाश पडला की पोरीला पेटीबद्दल सगळं लिहिता येतं आणि पेटीवर काहीच वाजवता येत नाही. त्यांनी शाळेला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं, धडा सहावा.

तिसरं पुस्तक आकड्यांचं. शिवण नाहीच, दोन तारा ठोकलेल्या, पानं हातात यायची. सत्तारभाईंना ते पाहवेना, म्हणून त्यांनी आधी ते सोडवून दोऱ्यानं शिवलं. पण आतली गोष्ट सोपी होती. डाव्या टोकापासून पांढऱ्या पट्ट्यांवर एक, दोन, तीन असे कागदी आकडे चिकटवायचे, आणि पुस्तकात आकडे लिहिलेत त्या पट्ट्या दाबत जायच्या. खळ आणि कागद तर घरचेच. दुपारभर बसून त्यांनी आकडे कापले, चिकटवले.

पहिला धडा पाळण्याचा होता. जोहराबीनं ताजबीला निजवताना म्हटलेलाच. ताजबीनं आकडे बघत आठव्या पट्टीपासून वाजवला. तीन पट्ट्या बरोबर गेल्या, चौथी, म्हणजे अकरा आकड्याची, कानाला चावली. पुढं पुन्हा ठीक, आणि चाल त्या जागी आली की पुन्हा चावली. दुसरा धडा, तिसरा धडा, तेच. भातात खडा लागावा तसा तो एक सूर.

सत्तारभाई म्हणाले, बोट घसरतंय. ताजबीनं बोट दाखवलं, ते अकरावर नीट होतं. मग रोज दुपारी तेच. ती वाजवायची, ते ओरडायचे, जोहराबी आतून भांडी आपटायची. एवढ्या मेहनतीनं निवडलेलं, स्वतः शिवलेलं पुस्तक, आणि पोरगी एक पाळणा सरळ वाजवत नाही. ज्या दिवशी आवाज फार चढला त्या दिवशी ताजबी हळूच म्हणाली, "अब्बा, पुस्तकातल्या पेटीला डावीकडं आधी दोन काळ्या पट्ट्या हायेत. आपल्या पेटीला तीन हायेत."

"पेट्या सगळ्या सारख्याच. छापणारा काय खुळा आहे? तू बोटाकडं बघ."

ताजबीनं बोट पुन्हा अकरावर ठेवलं.

बोट बरोबर तर पेटीच बिघडली असणार, असं शेवटी सत्तारभाईंनी ठरवलं. पुठ्ठा कापायची बारीक सुरी घेऊन त्यांनी पेटी उघडली, अकराव्या पट्टीचा सूर काढणारी पितळेची जीभ शोधली आणि ती खरवडली. थोडी खरवडली, वाजवून पाहिलं. आणखी खरवडली. सूर बदलला खरा, पण असा घोगरा झाला की बसलेल्या घशातून निघावा. ताजबी भिंतीला टेकून बघत होती. तिचे डोळे भरलेले त्यांना दिसले, पण त्यांना वाटलं, शिकायचा कंटाळा आलाय.

पुढं आठवडाभर कचेरीत जाऊन करायचं काम होतं. शनिवारी दुपारी ते घरी आले तर पेटीवरचे आकडे गायब. ओल्या फडक्यानं पुसून काढलेले, खळीचे डाग तेवढे राहिलेले. सत्तारभाईंचा पारा चढला. हात उचललाच होता, तेवढ्यात ताजबीनं भाता ओढला. ती डावीकडच्या चार पट्ट्या सोडून, दोन काळ्या जिथं सुरू होत होत्या त्या पाचवीपासून मोजत होती. जोहराबीला आठ दिवस पाळणा गुणगुणायला लावून तिनं कानानं जागा शोधली होती.

पाळणा सरळ आला. कुठंही खडा नाही. ओळ संपताना चाल एक पायरी खाली उतरते, तिथं मात्र घोगरा सूर निघाला, आणि तो कुणी केला हे सांगायची गरज नव्हती.

सत्तारभाई खाली बसले.  मग म्हणाले, "तू आधीच सांगितलं होतंस."

"होय," ताजबी म्हणाली.

पुढच्या मोसमात गेणभाऊ आले तेव्हा सत्तारभाईंनी ती जीभ त्यांना दाखवली. गेणभाऊंनी ती उजेडात धरली आणि सांगितलं, "पातळ लई झाली. हिच्या मापाची आता कुठं गावायची?" पुण्याला दोनदा चौकशी केली, मिळाली नाही. ताजबीनं मग त्या सुराला वळसा घालून वाजवायची सवय केली. दोन वर्षांत ऐकलेली कुठलीही चाल ती बसवायला लागली. गल्लीतल्या बाया दळण निवडत दारात बसायच्या. पण सत्तारभाई घरात असले की त्यांचा कान त्याच जागेची वाट बघायचा. चाल तिथं वळसा घेऊन गेली की ते हातातलं काम उगाच जोरात दाबायचे.

टपाल-शाळेनं मधेच एक प्रमाणपत्र पाठवलं. 'श्री. ताजबी सत्तार, प्रथम श्रेणी.' सोनेरी काठ होता. जोहराबीला ते भिंतीवर लावायचं होतं, सत्तारभाईंनी लावू दिलं नाही.

अठ्ठावन्न साली लेण्याद्रीच्या बाजूच्या कुशाबाई भजनाची वही बांधायला घेऊन आल्या. त्यांच्या सुनेला पेटी शिकायची होती, कुणीतरी सांगितलं की सत्तारभाईंना यातलं सगळं कळतं. "कंचं पुस्तक घिऊ, भाई? तुमी तर समदी पाह्यलीत."

सत्तारभाईंनी फळीवरची तिन्ही खाली काढली, पुण्याचं, बांधून ठेवलेले मुंबईचे धडे आणि आकड्यांचं. एकाची शिवण चांगली होती, एकाला सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळत होतं, एक त्यांनी स्वतः शिवलं होतं. तिन्ही हातात धरून ते उभे राहिले, आणि चार वर्षांनंतरही त्यांना एकाचंही नाव घेता येईना. वैतागून त्यांनी तिन्ही पुस्तकं कुशाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मला नका विचारू. आत पोरगी आहे, तिला विचारा."

कुशाबाई आत गेल्या. ताजबीनं पुस्तकांकडे पाहिलंच नाही. सुनेची पेटी केवढी, डावीकडं आधी काळ्या किती, हे तिनं विचारलं. कुशाबाईंना ते ठाऊक नव्हतं. सुनेला पेटीसकट घेऊन या, ताजबी म्हणाली. बाहेर सत्तारभाईंनी भजनाची वही पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घालून फिरकी आवळली, गरजेपेक्षा दोन वेढे जास्तच.